ब्लॉकचेन सेतू

ब्लॉकचेन सेतू : एका ब्लॉकचेनवरील क्रिप्टो मालमत्ता दुसऱ्या ब्लॉकचेनवर वापरता यावी यासाठीची व्यवस्था, रूढ नाव ब्रिज. प्रत्येक ब्लॉकचेन ही स्वतंत्र खातेवही असते आणि तिला दुसऱ्या वहीतले आपोआप काही कळत नाही. म्हणून बिटकॉइन इथेरियमवर ‘पाठवले’ असे म्हणतात तेव्हा बहुधा काहीच जागचे हललेले नसते. मूळ नाणे कुलूपबंद होते आणि त्याच्या बदल्यात दुसऱ्या साखळीवर तेवढ्याच मोलाचे टोकन निघते. परत येताना ते टोकन नष्ट करून कुलूप उघडतात. मोगलकाळात सुरत-बुऱ्हाणपूर वाटेवरच्या नंदुरबारसारख्या पेठेत हुंडीला जे मोल होते, ते कागदाचे नव्हते. समोरची पेढी ती वटवील या भरवशाचे होते. सेतूवरच्या टोकनाचेही तसेच. त्यामुळे दोन्ही साखळ्या कितीही भक्कम असोत, सेतूची सुरक्षितता ठरते ती कुलपाची किल्ली कोणाकडे आहे आणि ते कुलूप कशाने उघडते यावर.

मोठ्या चोऱ्यांचा इतिहास हेच सांगतो. मार्च 2022 मध्ये रोनिन साखळीला इथेरियमशी जोडणाऱ्या सेतूवरून 60 कोटी डॉलरहून अधिक मालमत्ता गेली. तिथे 9 पैकी 5 सह्या पुरेशा होत्या आणि हल्लेखोरांनी नेमक्या तेवढ्याच किल्ल्या मिळवल्या. इथेरियमला धक्काही लागला नाही. चोरी ध्यानात यायला 6 दिवस लागले, हे त्याहून बोलके. त्याच वर्षी फेब्रुवारीत वर्महोल या सेतूवर सहीच्या तपासणीतल्या चुकीमुळे तारणाशिवाय 1,20,000 टोकने निघाली. महाराष्ट्रातले उदाहरण मुंबईचे. जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी 2017 मध्ये सुरू केलेल्या मॅटिक या ब्लॉकचेन प्रकल्पाचे 2021 मध्ये पॉलिगॉन झाले. त्याच वर्षी त्याच्या प्लाझ्मा सेतूत एकच रक्कम अनेकदा काढता येईल असा दोष सापडला. सुमारे 85 कोटी डॉलर पणाला होते. दोष दाखवणाऱ्याला 20 लाख डॉलर बक्षीस मिळाले. पैसे वाचले, पण दोष शोधणारा प्रामाणिक निघाला म्हणून.

यावर आक्षेप असा की, माणसावर भरवसा न ठेवता गणितावर ठेवता येतो. अटॉमिक स्वॅपमध्ये एकाच गुपिताने दोन्ही साखळ्यांवरची कुलपे उघडतात. ठरल्या मुदतीत गुपित उघड झाले नाही, तर ज्याचे नाणे त्याला परत मिळते. हे खरे, पण त्यासाठी अदलाबदलीला तयार असलेला दुसरा पक्ष लागतो, वाट पाहावी लागते, आणि तोवर भाव हलतो. एका साखळीने दुसरीचे पुरावे स्वतः तपासण्याचाही मार्ग आहे. तो महागडा, आणि त्यातही कोडमधल्या चुकीचा धोका उरतोच. दुसरा आक्षेप, एक्स्चेंजवर विकून हवे ते नाणे घेणे सोपे. सोपे आहेच, मात्र ताबा तिथेही परक्याकडेच जातो. वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून 18 जुलै 2024 रोजी सुमारे 23 कोटी डॉलरची मालमत्ता चोरीस गेली, तीही अनेक सह्यांनी उघडणाऱ्या पाकिटातून.

असे नुकसान झाल्यास भारतात आधारही तोकडाच. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टो मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही. बँक ठेवींना असलेले 5 लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षणही क्रिप्टोला लागू नाही.