मुंबईतील दारूबंदी आणि संघटित गुन्हेगारी : वरदराजन मुदलियार यांच्या संदर्भात

प्रस्तावना : स्वातंत्र्योत्तर मुंबईतील संघटित गुन्हेगारीचा विचार बहुधा टोळीप्रमुखांच्या दंतकथांपुरता मर्यादित राहिला आहे. प्रस्तुत लेखात वरदराजन मुदलियार (१९२६-१९८८) यांच्या वाटचालीचा दारूबंदीच्या धोरणाशी असलेला संबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी : अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळातील दारूबंदीने अल कपोन, फ्रँक कॉस्टेलो यांसारख्या टोळीप्रमुखांना भांडवल मिळवून दिले. बंदी उठली तरी टोळ्या टिकल्या; १९५१ मध्ये केफॉव्हर समितीपुढील कॉस्टेलोची साक्ष दूरचित्रवाणीवरून साऱ्या देशापर्यंत पोहोचली. हा अनुभव जगासमोर असतानाच मुंबई प्रांताने १९४९ चा दारूबंदी अधिनियम संमत केला. मोरारजी देसाई हे या धोरणाचे आग्रही पुरस्कर्ते होते. कायद्याने विक्री थांबली. मागणी मात्र थांबली नाही.

उदय व प्रभाव : तुतिकोरिनहून आलेल्या वरदराजन यांनी बोरीबंदर स्थानकात हमाली केली आणि पुढे ते हातभट्टीच्या धंद्यात शिरले. धारावी, माटुंगा, अँटॉप हिल, सायन-कोळीवाडा हा त्यांचा प्रभावाचा पट्टा होय. १९६० च्या दशकात परवाना पद्धतीने बंदी शिथिल झाली, तथापि परवान्याची दारू मजुरांच्या आवाक्याबाहेरच राहिली. तमिळ स्थलांतरितांचे तंटे सोडविणारे, माटुंगा स्थानकाजवळ भव्य गणेशोत्सव भरविणारे 'वरदाभाई' अनेकांना आधार वाटत. जेथे शासन पोहोचत नव्हते, तेथे ही सत्ता उभी राहिली असे म्हणता येईल.

ऱ्हास : १९८० च्या दशकात पोलीस अधिकारी वाय. सी. पवार यांच्या कारवाईमुळे त्यांना मद्रास गाठावे लागले. तेथेच जानेवारी १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी, १९८७ मध्ये, त्यांच्या जीवनावरून सुचलेला 'नायकन' हा तमिळ चित्रपट प्रदर्शित झाला होता. इतिहासाआधी दंतकथाच लिहिली गेली.

निष्कर्ष : महाराष्ट्राने १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा केला. तरीही २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. ते प्रामुख्याने गरीब कष्टकरी होते. टोळीप्रमुखाच्या औदार्याची किंमत ज्या वस्तीने मोजली, तिची नोंद मात्र अल्प आहे. घाटकोपरसारख्या उपनगरातील महाविद्यालयांनी श्रमिक वस्त्यांतील वृद्धांच्या मौखिक आठवणी संकलित केल्यास ही उणीव काही अंशी भरून निघेल.