बर्ड फ्लूवर नजर कशी ठेवतात? मेलेल्या कावळ्यापासून जीनोमपर्यंत

जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये अचानक कावळे मरून पडू लागले. भोपाळच्या लॅबने तपासून सांगितलं, हा एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाड्यात मेलेल्या तीन वाघांच्या आणि एका बिबट्याच्या नमुन्यांतही हाच विषाणू सापडला. पक्ष्यांचा आजार वाघापर्यंत पोहोचतो, मग माणसापर्यंत? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण ही यंत्रणा वाचताना मला ती आमच्या सर्व्हर मॉनिटरिंगसारखीच वाटली, म्हणून त्याच भाषेत सांगतो.

हा विषाणू कुठून येतो?

रानबदकांसारखे पाणपक्षी हे फ्लू विषाणूंचं मूळ घर. तिथून ते कोंबड्यांत आणि कधीकधी माणसांत येतात. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये १८ जणांना एच५एन१ झाला, त्यातले ६ जण दगावले. भारतात तो पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये सापडला, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये. मार्च २०२४ मध्ये तर अमेरिकेत दुभत्या गाईंना लागण झाल्याचं कळलं आणि पुढे गोठ्यात काम करणाऱ्या लोकांनाही.

त्याचा जीनोम ८ तुकड्यांत असतो, सगळा मिळून साधारण १३,५०० अक्षरांचा. टेक्स्ट फाइल केली तर १५ केबीसुद्धा होत नाही! पण कॉपी होताना त्यात सतत चुका होतात आणि दोन वेगळे फ्लू एकाच पेशीत भेटले तर तुकड्यांची अदलाबदलही होते. म्हणून एकदा तपासून भागत नाही, सतत नजर ठेवावी लागते.

तपासणीच्या पायऱ्या

१. नमुना : मेलेला पक्षी, कोंबडीच्या घशातला स्वॅब, गाईचं दूध. अमेरिकेत डिसेंबर २०२४ पासून कच्च्या दुधाची देशव्यापी तपासणी सुरू झाली. टाकीतल्या एका नमुन्यात अख्ख्या कळपाची खबर मिळते. प्रत्येक गाय वेगळी तपासायची गरज नाही.

२. आरटी-पीसीआर : कोविडमुळे हे नाव सगळ्यांना पाठ आहे. प्रत्येक फेरीत विषाणूचा ठरावीक तुकडा दुप्पट होतो. २० व्या फेरीत सिग्नल मिळालेल्या नमुन्यात ३० व्या फेरीत मिळालेल्यापेक्षा साधारण हजारपट विषाणू असतो. भारतात पक्क्या निदानासाठी नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात.

३. सिक्वेन्सिंग : पीसीआर सांगतो ‘आहे की नाही’. सिक्वेन्सिंग अक्षरन् अक्षर वाचून ‘नेमका कोणता’ ते सांगतं.

४. तुलना : कोड बदलला की आम्ही जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून ‘डिफ’ बघतो. इथेही तेच. पीबी२ नावाच्या प्रथिनात ६२७ व्या जागी ठरावीक बदल दिसला, की शास्त्रज्ञ सावध होतात, कारण त्यामुळे विषाणूला सस्तन प्राण्यांच्या पेशींत वाढणं सोपं जातं. २०२४ मध्ये टेक्ससमधल्या एका लागण झालेल्या गोठा-कामगाराच्या नमुन्यात तो दिसला होता. एका बदलाने साथ येत नाही, पण हा अलर्ट नक्कीच आहे. ‘नेक्स्टस्ट्रेन’ या ओपन सोर्स साइटवर अशा विषाणूंची वंशावळ तुम्ही मोबाइलवरही बघू शकता.

सिस्टिम कुठे अडते?

मशीनवर नाही, पहिल्या रिपोर्टवर. लागण पक्की झाली की साधारण १ किलोमीटरच्या आतले कोंबड्या-बदकं नष्ट करतात आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, पण पुढे शेड रिकामी राहते त्या काळातल्या कमाईचं काय? म्हणून चार कोंबड्या मेल्या तर पोल्ट्रीवाला गप्प बसू शकतो. आमच्या भाषेत, लॉगच आला नाही तर अलर्ट वाजणार कसा? त्यामुळे वेळेवर आणि पुरेशी भरपाई हा निव्वळ दयेचा मुद्दा नाही, तो या यंत्रणेचाच भाग आहे.

तुम्ही काय करू शकता?

- एकाच जागी बरेच पक्षी मेलेले दिसले तर हात लावू नका. लांबून फोटो काढा, लोकेशन नोंदवा आणि पशुसंवर्धनच्या १९६२ या टोल फ्री नंबरवर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.
- चिकन-अंडी नीट शिजवून खा. ७० अंश सेल्सिअसला आतपर्यंत शिजलं की विषाणू मरतो. दूधही तापवूनच प्या.
- ‘चिकन खाल्लं की बर्ड फ्लू होतो’ असले मेसेज फॉरवर्ड करू नका. अफवेने भाव पडतात, आणि भाव पडायच्या भीतीने खरी बातमीही दाबली जाते.

माणसाकडून माणसाला सहज पसरेल असं रूप एच५एन१ ने अजून घेतलेलं नाही. तसं कधी घडलंच, तर ते आपल्याला किती लवकर कळेल, हे बऱ्याच अंशी पहिला मेलेला पक्षी बघणाऱ्यावर अवलंबून आहे. तो माणूस तुमच्यापैकीच कुणीतरी असू शकतो, आणि कळवायला लागणारा फोन तर तुमच्या हातातच आहे!