ससाणे मळ्यातला दवाखाना

पुण्यात वाढलेल्या आपल्या पिढीला ‘नायडूत नेलं’ या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शेजारच्या कुणाला घटसर्प झाला की हे वाक्य हळू आवाजातच बोलले जायचे. २०२० च्या ९ मार्चला महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण याच रुग्णालयात होते. साथीच्या रुग्णाला वेगळे ठेवण्याची ही भीती पुण्यात जुनी आहे. तिचे मूळ १८९७ मध्ये सापडते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांतच तो पुण्यात पोचला. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता. पण तो उंदरांवरच्या पिसवांमधून माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले. म्हणजे १८९७ मध्ये दवाखाना चालवणाऱ्याला रोग नेमका कशाने लागतो हेही ठाऊक नव्हते आणि हाती गुणकारी औषधही नव्हते. मोकळी हवा, पाणी, पेज, स्वच्छता आणि उशाशी बसणारे माणूस, एवढाच काय तो उपचार.

मग असा दवाखाना चालायचा कशावर? माझ्या मते, रुग्णाला तिथे कोण नेतो आणि तिथे गेल्यावर त्याला कोण सांभाळतो यावर.

वॉल्टर रँड यांच्या प्लेग समितीने १३ मार्चपासून घरझडती सुरू केली. आठशेहून अधिक सैनिक या कामावर होते. ते थेट माजघरात, देवघरात शिरत. रुग्ण प्लेगच्या इस्पितळात आणि घरातली धडधाकट माणसे विलगीकरण छावणीत. लोक आजारी माणसाला माळ्यावर लपवू लागले, यात नवल नाही. वेगळे ठेवणे वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच होते. पण दाराशी बंदूकधारी आल्यावर ते कुणाला पटणार? त्याच काळात टिळकांनी वर्गणीतून हिंदू प्लेग इस्पितळ काढले आणि छावणीतल्या लोकांसाठी मोफत अन्नाची सोय केली. आपल्या ओळखीच्या माणसांनी चालवलेल्या जागेत जायला लोकांची एवढी ना नसे. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत काय झाले ते सरांनी आपल्याला शिकवलेच आहे. परीक्षेत तो प्रश्न हमखास यायचा. ससाणे मळा मात्र आपल्या पुस्तकात नव्हता.

झडत्या सुरू होण्याआधीच हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. यशवंतराव लष्करात डॉक्टर होते. ते रजा घेऊन आले. गावाबाहेरची मोकळी जागा ही त्या काळच्या समजुतीप्रमाणे योग्यच निवड होती, आणि आज कळते की उंदरांनी भरलेल्या घरांपासून दूर जाणे खरोखरच उपयोगाचे होते. तिथे जातपात विचारली जात नव्हती. १८९७ च्या पुण्यात ही लहान गोष्ट नव्हे. इस्पितळेसुद्धा धर्मवार निघत होती.

रुग्ण आणायला गाडी-घोडा नव्हता. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळताच सावित्रीबाई स्वतः गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन मळ्यापर्यंत चालत आल्या. तेव्हा त्यांचे वय ६६ होते. हे चित्र आता भित्तीचित्रांत दिसते, पण साथीच्या दवाखान्याचा हिशेब म्हणूनही त्याकडे पाहावे: तिथे रुग्णवाहिका, परिचारिका आणि व्यवस्थापक या तीनही जागांवर एकच बाई होती. तिला लागण झाली की तिन्ही जागा एकदम रिकाम्या होणार, आणि तसेच झाले. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या.

यशवंतराव पुढे लष्करी नोकरीत परतले. प्लेग मात्र पुण्यात पुन्हा पुन्हा येत राहिला. १९०५ मध्ये अशाच एका साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांनाही प्लेग झाला आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला.