खोक्यातली चिठ्ठी

मागच्या पावसाळ्यात वीज कडाडली आणि घरचा वाय-फायचा राउटर गेला. दत्त चौकातून नवा आणला. खोक्यात राउटर, अडाप्टर, वॉरंटी कार्ड आणि घडी घातलेला एक पातळ कागद, मुंगीएवढ्या अक्षरांचा. असले कागद मी वाचतो. मास्तरकी सुटली, सवय सुटली नाही. मजकूर असा: या यंत्रात जीपीएल परवान्याखालचं सॉफ्टवेअर आहे, त्याचा सोर्स कोड हवा असल्यास या पत्त्यावर लिहा, पाठवण्याचा खर्च तेवढा घेऊ, हा देकार तीन वर्षं कायम राहील.

जी गोष्ट चुटकीसरशी डाउनलोड होते तिच्यासाठी पत्ता कशाला, आणि पाठवण्याचा खर्च कसला? हा कागद आजचा नाही, एवढं तेव्हाच लक्षात आलं.

त्या कागदाचं कूळ शोधत गेलं की मूळपुरुष म्हणून एक बिघडणारा प्रिंटर भेटतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्सनं लेझर प्रिंटर दिला. त्यात कागद अडकायचा. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरला एक सोय करून ठेवली होती: कागद अडकला की वाट बघणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जायचा. नव्या प्रिंटरला तसं करायचं तर त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येणारी मूळ संहिता, हवा. यंत्रात चालतं ते मुरलेलं लोणचं. ते चाखून मसाल्याचं प्रमाण कळत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ज्या माणसाकडे तो कोड होता, त्यानं गुप्ततेच्या करारावर सही केली होती. दिला नाही.

स्टॉलमन यांना हा नकार भलताच लागला. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये जीपीएल परवान्याची पहिली आवृत्ती आली. तिच्यातली खुबी वकिली आहे. लेखकानं हक्क सोडायचा नाही, उलट घट्ट धरायचा आणि त्याच्याच जोरावर अट घालायची: वापरा, बदला, विका, पण दुसऱ्याला द्याल तेव्हा सोर्स कोडही द्या.

पण द्यायचा कशावर? तेव्हा सॉफ्टवेअर चुंबकीय टेपवरून फिरायचं. खुद्द स्टॉलमन आपल्या ईमॅक्स या मजकूर-संपादकाची टेप १५० डॉलरला पाठवत. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात टेप द्यायची म्हणजे कंपनीला जुलूम. म्हणून पर्याय ठेवला: टेप नको, लेखी देकार द्या, किमान तीन वर्षांचा. जून १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीतही तो राहिला. आज ज्या कागदाला कंपन्या कटकट समजतात, तो मुळात त्यांनाच दिलेली सवलत होता! आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. हा देकार फक्त खरेदीदारासाठी नसतो. 'कोणाही तिऱ्हाइतासाठी' असतो. माझा शेजारीही मागू शकतो.

राउटरच्या खोक्यात तो का आला, याचं उत्तर २००३ सालात आहे. लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये जीपीएलखालचं लिनक्स आहे, हे काही जाणत्यांनी उघड केलं. कोड कुठे होता? चिप ब्रॉडकॉमची, आतलं सॉफ्टवेअर तैवानच्या सायबरटॅनकडून, नाव लिंकसिसचं, आणि त्याच वर्षी लिंकसिस सुमारे ५० कोटी डॉलरला विकत घेतलेली सिस्कोनं. आमच्याकडे ओल्या कापसाचा हिशेब असाच चालतो: सूतगिरणी जिनिंगकडे बोट दाखवते, जिनिंग अडत्याकडे, अडत्या गाडीवानाकडे. अखेर कोड बाहेर आला, आणि त्याच्यावरूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं खुलं सॉफ्टवेअर जन्मलं, जे आजही जगभरच्या राउटरांत चालतं.

मग कोर्ट. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयानं लिनक्सच्या लेखकांपैकी एक, हाराल्ड वेल्टे, यांच्या बाजूनं सायटेकॉम कंपनीला जीपीएलच्या अटी मोडून वाटप करायला मनाई केली. २००७ मध्ये बिझीबॉक्स या जीपीएलखालच्या सॉफ्टवेअरच्या लेखकांनी मॉन्सून मल्टिमीडियावर अमेरिकेत दावा लावला. तडजोडीत कंपनीला परवान्यांच्या पालनासाठी एक अधिकारी नेमावा लागला. खुल्या सॉफ्टवेअरच्या 'कंप्लायन्स' नावाच्या नोकरीची ही एक जुनी नोंद.

या कुळाशी सोयरीक झालेलं एक घर पुण्यात आहे. लिनक्स विकणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या मंडळींनी सांभाळलेला लोहित देवनागरी हा फॉन्ट (लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या टोपीचा रंग) आधी जीपीएलखाली होता. २०११ मध्ये तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली गेला. त्या परवान्यात कोडाची चिठ्ठी नाही. फॉन्ट नुसता विकायचा नाही, परवान्याचा मजकूर सोबत ठेवायचा, अशा मोजक्या अटी.

चिठ्ठीचं मात्र बीटी कपाशीच्या थैलीतल्या नॉन-बीटीच्या पुडीसारखं झालं. पूर्वी ४५० ग्रॅमच्या थैलीसोबत १२० ग्रॅमची पुडी यायची. भोवतीनं पेरा, म्हणजे बोंडअळी बीटीला सरावणार नाही, असं सांगायचे. पुडी दिली की कंपनीची जबाबदारी संपायची, बांधावर फेकली की आमची. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं आमच्या जिल्ह्यातल्या कपाशीचं काय केलं, ते सांगायला नको.

म्हणून मी चिठ्ठी फेकली नाही. आधी सर्व्हिस सेंटरला गेलो. पोरगा म्हणाला, "सोर्स म्हंजे अडाप्टर का जी?" मग दिलेल्या पत्त्यावर रजिस्टर्ड पत्र टाकलं. दोन महिन्यांनी ईमेलवर एक लिंक आली. फाइल उतरवून पुण्याच्या पुतण्याला पाठवली. त्याच्या ऑफिसात माल बाहेर जाण्याआधी कोणत्या तुकड्याला कोणता परवाना, हे तपासणारं यंत्रच बसवलंय. त्याचा रात्री फोन आला. "काका, कोड आहे, पण बिल्ड स्क्रिप्ट नाहीत. यातून काही तयार होणार नाही. परवान्यात त्याही द्याव्या लागतात."

दुसरं पत्र सोमवारी टाकलं. मुदतीची दोन वर्षं अजून बाकी आहेत.