उसने अवसान आणि वलंदेज

'डच करेज' या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ सांगू लागलो, की आम्हांला मराठीतले 'उसने अवसान' आठवते. फरक एवढाच, की इंग्रजीतले हे अवसान मद्याच्या पेल्यातून उसने घेतलेले असते. दोन घोट पोटात गेल्यावर भित्र्याला चढणारी बेगडी हिंमत, असा त्याचा अर्थ. मग या बेगडीपणाला डचांचे नाव का?

याविषयी नेहमी सांगितली जाणारी कथा अशी : सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये लढणारे इंग्रज सैनिक युद्धाला तोंड देण्यापूर्वी तेथले येनेव्हर हे मद्य घेत आणि त्याने आलेल्या धैर्याला त्यांनी डचांचे नाव दिले. येनेव्हरवरूनच पुढे 'जिन' हा शब्द आला, हे खरे. परंतु या कथेत पिणारा इंग्रज आहे. डच केवळ मद्य पुरवणारा. जुना पुरावा मात्र नेमका उलट बोलतो.

सागरी व्यापाराच्या वर्चस्वासाठी इंग्रज आणि डच यांच्यात १६५२ ते १६७४ या काळात तीन युद्धे झाली. जून १६६५ मध्ये लोस्टॉफ्टजवळ इंग्रज आरमाराने डचांचा पराभव केला. त्या विजयाचा गौरव करणाऱ्या काव्यात एडमंड वॉलर या कवीने टोमणा मारला, की डचांचे शौर्य उगवते ते वाइन आणि ब्रँडी यांतून. येथे येनेव्हर नाही आणि पिणारा इंग्रजही नाही. शत्रूचे धैर्य त्याचे स्वतःचे नव्हेच, असे म्हणणारी ही युद्धकाळातली निंदा आहे. तिच्यावर सैनिकांच्या गमतीचा मुलामा पुढे चढला असावा, असे आम्हांला वाटते.

इतिहासाने या टोमण्याला उत्तर द्यायला फार वेळ घेतला नाही. जून १६६७ मध्ये डच आरमार मेडवे नदीत शिरले. जिलिंगहॅमजवळ पात्रात आडवा टाकलेला साखळदंड त्याने निकामी केला, नांगरलेली इंग्रज जहाजे जाळली आणि 'रॉयल चार्ल्स' हे जहाज ओढून नेले. लोस्टॉफ्टच्या लढाईत इंग्रज आरमाराचे निशाण मिरवणारे जहाज ते हेच! त्याच्या पिछाडीवरील कोरीव राजचिन्ह आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पाहावयास मिळते. पुढच्याच महिन्यात ब्रेडा येथे तह झाला.

वेंगुर्ल्याला वखार घालणाऱ्या याच डचांना आपल्या पूर्वजांनी 'वलंदेज' म्हटले. हा शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून आलेला. त्यात ना स्तुती, ना निंदा. इंग्रजी शब्दाने मात्र एका वैराची बाजू घेतली आणि ते वैर संपल्यावरही ती सोडली नाही. युद्धाचा निकाल तहात लिहिला जातो. पण हरलेल्याचा रागही भाषेत टिकून राहतो आणि पुढे तो निरुपद्रवी विनोद म्हणून वापरला जातो. म्हणून एखाद्या वाक्प्रचाराची गोड व्युत्पत्ती कानी आली, की तीत कोणाचा अपमान झाकला गेला आहे, हे आधी पाहावे.