दोन डॉलरांची नोट : एक ऐतिहासिक साधन

नोटा व नाणीं जमविणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या संग्रहांत अमेरिकेची दोन डॉलरांची नोट असेल. तिच्या दर्शनी बाजूस टॉमस जेफर्सन याची छबी आहे व पाठीवर जॉन ट्रंबुल या चित्रकाराच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या चित्राची प्रतिकृति आहे. हें रूप १९७६ सालचें. तत्पूर्वीं, १९२८ च्या मालिकेपासून, पाठीवर जेफर्सनच्या मॉन्टिसेलो येथील घराचें चित्र असे. ती छपाई १९६६ सालीं थांबली आणि दहा वर्षांनीं, अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचें निमित्त साधून, १३ एप्रिल रोजीं म्हणजे जेफर्सनच्या जन्मदिवशीं नवी नोट चालू झाली. ती आजही कायदेशीर चलन आहे, पण रोजच्या व्यवहारांत हातीं क्वचितच येते. या अपरिचितपणाचाच उपयोग करून तिला साक्षीस उभें करण्याचा एक प्रयत्न २०१२ सालीं झाला. त्याची हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे.

त्या वर्षीं १४ फेब्रुवारी रोजीं नॅशनल गन व्हिक्टिम्स ॲक्शन कौन्सिल या संस्थेनें स्टारबक्स या कॉफी विकणाऱ्या कंपनीवर बहिष्कार पुकारला. कंपनीच्या दुकानांत गिऱ्हाइकें उघडपणें पिस्तुलें घेऊन येतात व कंपनी त्यांस मनाई करीत नाहीं, हें कारण. उलटपक्षीं शस्त्रहक्काच्या कैवाऱ्यांनीं आपल्या मंडळींस असें सांगितलें कीं, त्याच दिवशीं मुद्दाम स्टारबक्समध्यें जावें, कॉफी घ्यावी आणि पैसे दोन डॉलरांच्या नोटांनीं द्यावे. दोनच कां, तर शस्त्र बाळगण्याच्या हक्कासंबंधीं जी राज्यघटनेची दुरुस्ती १५ डिसेंबर १७९१ रोजीं मंजूर झाली ती अनुक्रमानें दुसरी. दुकानाच्या गल्ल्यांत संध्याकाळीं या नोटांची चवड दिसली, म्हणजे बहिष्कारास उत्तर कोणी दिलें हें मालकास बोलून दाखवावयास नको, असा हा बेत होता.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण आमच्याकडील वाचकाचा तीविषयीं घोटाळा होण्याचा संभव आहे. ही दुसरी दुरुस्ती बंधन घालते तें सरकारावर. खाजगी दुकानदारास, आपल्या जागेंत शस्त्र आणूं नका, असें सांगण्यास तिची आडकाठी नाहीं. म्हणून कॅलिफोर्नियांत, जेथें गोळ्या न भरलेलें पिस्तूल उघडें कमरेस लावून हिंडण्याची त्या काळीं मुभा होती, तेथें शस्त्रहक्कवाद्यांच्या मेळाव्यांवरून २०१० च्या आरंभीं वाद माजला, तेव्हां पीट्स कॉफी व कॅलिफोर्निया पिझा किचन या दोन कंपन्यांनीं शस्त्रांस मनाई केली. स्टारबक्सनें तसें केलें नाहीं. ज्या राज्यांत जो कायदा असेल तो आम्ही पाळूं; कायदा मोडला नसतां गिऱ्हाइकास बाहेर काढण्याचें काम नोकरांवर लादणें बरें नव्हे; हा वाद कायदे करणाऱ्यांनीं मिटवावा, असें त्या कंपनीनें मार्च २०१० मध्यें कळविलें. १ जानेवारी २०१२ पासून कॅलिफोर्नियांत ती मुभाही कायद्यानें गेली, म्हणजे वादाचें मूळ जेथें होतें तेथें त्याचें कारण बहिष्काराच्या दिवसापूर्वींच संपलें होतें. परंतु तोंवर वाद सर्व देशभर पसरला होता.

कंपनीचें हें उत्तर तटस्थतेचें होतें. तें एका पक्षानें शत्रुत्व म्हणून वाचलें व दुसऱ्यानें मैत्री म्हणून, आणि पुढील सर्व घोटाळा या दोन वाचनांतून निघाला.

बहिष्कार हा शब्द आमच्या वाचकांस ग्रामण्याच्या कागदांतून परिचित आहे. १९०५ च्या वंगभंगानंतर तो राजकारणांत रूढ झाला. त्या चळवळींत स्वदेशी व बहिष्कार हीं एकाच पक्षाच्या हातांतील दोन शस्त्रें होतीं : जो विलायती कापड टाकी तोच देशी कापड घेई. प्रस्तुत प्रकार निराळा आहे. येथें एक पक्ष दुकान टाकतो आणि ज्यांस तो बहिष्कारच मान्य नाहीं तो दुसरा पक्ष तेंच दुकान भरून काढतो. अमेरिकेंत या दुसऱ्या कृतीस, खरेदी या अर्थाच्या शब्दाशीं श्लेष साधून, 'बायकॉट' असें म्हणूं लागले आहेत. मराठींत त्यास समर्थनक्रय म्हणावें असें आम्ही सुचवितों. याहून सोपा शब्द कोणास सुचल्यास आम्हांस तो हवाच आहे.

नांव नवें असलें तरी प्रकार मुळींच नवा नाहीं. ज्या गृहस्थाच्या नांवावरून 'बॉयकॉट' हा शब्द निघाला, त्याच्याच प्रकरणांत त्याचा पहिला ठळक दाखला सांपडतो. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यांत लॉर्ड अर्न याच्या जमिनीचा कारभारी होता. १९ सप्टेंबर १८८० रोजीं एनिस येथील सभेंत पार्नेल यानें, जो दुसऱ्या कुळाची हिरावलेली जमीन घेईल त्याशीं सर्व व्यवहार तोडा, असा उपदेश केला; आणि थोड्याच दिवसांत खंडाच्या व बेदखलीच्या तंट्यावरून तें शस्त्र बॉयकॉटवर चाललें. गडी काम सोडून गेले, दुकानदार माल देईनात. त्याचें गाऱ्हाणें ऑक्टोबरांत लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत छापून येतांच त्याच्या साह्यार्थ फंड उभा राहिला व पीक काढून देण्यास अल्स्टर प्रांतांतून ऑरेंज पंथाचे लोक सिद्ध झाले. त्यांच्यांतील जहाल मंडळींचा तर शेंकडों सशस्त्र माणसें नेण्याचा विचार होता. शस्त्रें नकोत, पन्नास माणसें पुरेत, असें आयर्लंडचा मुख्य सचिव फॉर्स्टर यानें बजाविलें. नोव्हेंबरांत कॅव्हन व मॉनहन या परगण्यांतील पन्नास मजूर आले, आणि त्यांच्या रक्षणास सुमारें एक हजार शिपाई व पोलीस. सुमारें ५०० पौंडांचें पीक काढण्यास १०,००० पौंड खर्च आला असा अंदाज आहे. दर सलगमामागें एक शिलिंग पडला, असा टोमणा पार्नेलनें मारला तो प्रसिद्धच आहे.

या हकीकतींत एक बारकावा आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें आम्ही त्यास सर्वांत अधिक महत्त्व देतों. खुद्द बॉयकॉटला इतकीं माणसें नको होतीं. धान्य त्यानें घरच्या माणसांच्या बळावर काढलें होतें. उरलेल्या कंदपिकांस दहा-पंधरा मजूर पुरे, अधिक आल्यास पंथापंथांत मारामारी होईल, असें त्याचें म्हणणें होतें. पण त्याचें काय म्हणणें आहे हें विचारण्याइतका धीर साह्यकर्त्यांस नव्हता. तो आतां त्यांचें निशाण झाला होता, आणि निशाणास कोणी मत विचारीत नाहीं. मजूर परत गेले आणि १ डिसेंबर १८८० रोजीं बॉयकॉट आयर्लंड सोडून इंग्लंडास गेला.

आतां पुन्हां कॉफीच्या दुकानाकडे वळूं. १४ डिसेंबर २०१२ रोजीं कनेक्टिकट राज्यांतील न्यूटाऊन गांवच्या सँडी हूक शाळेंत एका तरुणानें वीस मुलें व सहा मोठीं माणसें गोळ्या घालून मारलीं. तदनंतर हा वाद पूर्वीच्या पातळीवर राहणें शक्य नव्हतें. मातांच्या एका नव्या संघटनेनें दर शनिवारीं स्टारबक्स टाळण्याची हांक दिली. शस्त्रहक्कवाद्यांनीं ९ ऑगस्ट २०१३ हा दिवस स्टारबक्सच्या कृतज्ञतेचा म्हणून ठरविला, आणि त्यांतील कांहींनीं त्या दिवशीं जाण्याकरितां जें दुकान निवडलें तें न्यूटाऊनचें. कंपनीनें तें दुकान त्या सायंकाळीं नेहमींपेक्षां लौकर बंद केलें. ज्या गावानें आठ महिन्यांपूर्वीं वीस मुलें पुरलीं, तेथें पिस्तुलासह जाऊन आभार मानावयाचे, हें ज्यांस सुचलें त्यांच्या हक्काविषयीं आम्ही येथें कांहीं म्हणत नाहीं. त्यांच्या औचित्यबुद्धीविषयीं मात्र वाचकांनींच ठरवावें.

१७ सप्टेंबर २०१३ रोजीं कंपनीचा मुख्य अधिकारी हॉवर्ड शुल्ट्झ यानें एक अनावृत पत्र काढलें. त्याचा आशय असा : शस्त्रहक्कवाद्यांनीं या कृतज्ञतादिनांनीं आम्ही त्यांच्या बाजूचे आहों असा खोटा भास उत्पन्न केला आहे, हे समारंभ आमच्या दुकानांत आम्हांस नकोत, यापुढें गिऱ्हाइकांनीं शस्त्र आणूं नये ही विनंति आहे, मनाई नव्हे, कोणी आणलेंच तर नोकर त्यास अडविणार नाहींत. म्हणजे जें पाऊल २०१० सालच्या विरोधानें पडलें नव्हतें तें तीन वर्षांनीं पडलें, आणि पत्रांत त्याचें कारण म्हणून बहिष्काराइतकाच, किंबहुना अधिक, समर्थकांचा उत्साह दिसतो. समर्थकांची बाजूही येथें नोंदली पाहिजे. कायदा पाळणाऱ्यास कायदा पाळल्याबद्दल शिक्षा होऊं नये, एवढेंच म्हणणारे त्यांच्यांत पुष्कळ होते, आणि बहुसंख्य लोक नुसती कॉफी पिऊन घरीं गेले. परंतु दुकानदाराच्या सहनशीलतेस त्यांनीं संमति समजून घेतलें, ही चूक बॉयकॉटच्या साह्यकर्त्यांच्या चुकीहून फारशी निराळी नाहीं.

याच वादांत उलट दिशेचा दाखलाही आहे. १७ मार्च २००० रोजीं स्मिथ अँड वेसन या पिस्तुलें बनविणाऱ्या जुन्या कंपनीनें क्लिंटन सरकारशीं करार करून कुलुपें व विक्रीविषयक बंधनें पत्करलीं. त्याबरोबर शस्त्रहक्कवाद्यांनींच तिच्यावर बहिष्कार घातला. तेव्हां शहरांनीं आपल्या पोलिसांसाठीं खरेदी करतांना असा करार मानणाऱ्या कंपनीस प्राधान्य द्यावें, असा उपक्रम सरकारनें हातीं घेतला, हाही समर्थनक्रयच. तो फळास आला नाहीं. टॉमकिन्स या इंग्रज मालकानें १९८७ त ११ कोटी २५ लक्ष डॉलरांस घेतलेली ही कंपनी मे २००१ मध्यें दीड कोटी डॉलर रोख व कर्जाचा बोजा यांवर विकली गेली.

राहिला प्रश्न नोटेचा. १९७७ सालीं जॉर्जिया टेकनें फुटबॉलचे सामने बंद करण्याचें ठरविलें, तेव्हां दक्षिण कॅरोलायनांतील क्लेम्सन विद्यापीठाच्या चाहत्यांनीं अटलांटा शहरांत दोन डॉलरांच्या नोटाच खर्चिल्या होत्या. आपल्या येण्यानें तेथील व्यापाऱ्यांस किती लाभ होतो हें त्यांस दाखवावयाचें होतें. त्यांनीं मात्र नोटांवर वाघाच्या पंजाचा नारिंगी शिक्का मारला, आणि म्हणून ती नोट आज पाहतांक्षणीं ओळखतां येते. २०१२ ची नोट कोरी असल्यास तिजवरून कांहींच सिद्ध होत नाहीं. ती गल्ल्यांतून बँकेंत गेली कीं इतर नोटांसारखीच एक झाली. आणि तेवढ्या विक्रीवरून कॉफी कोणी हक्कासाठीं प्याली व कोणी तहानेसाठीं, हें निवडण्याचा मार्ग नाहीं. तेव्हां ज्या संग्राहकांकडे त्या दिवसाची म्हणून एखादी नोट येईल त्यांनीं तिच्यासोबत दुकानाची पावती आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें, नोट कोणाकडून व केव्हां मिळाली तें पाकिटावर टिपून ठेवावें, आणि पावती नसेल तर त्या नोटेचे दोन डॉलरांहून अधिक मोल देऊं नये.