इस्पितळाचा दर आणि हिशेबाची वही

झगडून मिळवलेली पगारवाढ एका आजारपणात इस्पितळाच्या बिलात जिरते, हा कामगाराचा जुना अनुभव आहे. अमेरिकेत तर आजाराचा विमा बहुतेकांना मालकाकडूनच मिळतो. त्यामुळे इस्पितळे महागली की वेतनाच्या वाटाघाटीत कामगाराचा वाटा आधीच आटतो. तेथील मेरीलँड राज्याने यावर जो उपाय केला, तो पाहण्यासारखा आहे.

१९७१ साली तेथे कायदा होऊन सात सभासदांचा आयोग स्थापन झाला. विजेचे दर ठरवावेत तसे इस्पितळांचे दर त्याने ठरवायचे. परंतु आयोगाने दराला एकदम हात घातला नाही. आधी सर्व इस्पितळांना एकाच पद्धतीने हिशेब मांडायला लावले आणि मग १९७४ पासून दर बांधले. नवल म्हणजे खुद्द इस्पितळांच्या संघटनेचा याला पाठिंबा होता; कारण गरिबांची बुडीत बिले दरातच धरली जाणार होती. १९७७ साली केंद्र सरकारचा वृद्धांचा व गरिबांचा विमाही या व्यवस्थेत आला. थोडी सूट वजा जाता, पैसे कोणीही भरो, त्या इस्पितळाचा दर सर्वांना एकच झाला.

१९७६ मध्ये तेथे भरती होणाऱ्या रुग्णामागील खर्च देशाच्या सरासरीहून २६ टक्के अधिक होता. २००७ पर्यंत तो सरासरीखाली आला. न्यूयॉर्क, न्यूजर्सी, मॅसॅच्युसेट्स यांनीही दर बांधले होते. पण बाजारातील चढाओढीवर भिस्त ठेवून १९९१ ते १९९६ या काळात त्यांनी ते बंधन सोडले.

मेरीलँडलाही एक धडा उशिरा मिळाला. नगावर मजुरी असली आणि दर गोठला, की नग वाढवण्याकडे कल होतो. इस्पितळांचेही तसेच. म्हणून २०१४ पासून तेथे प्रत्येक इस्पितळाची वर्षाची एकूण मिळकतच आधी ठरू लागली.

आपल्याकडे २०१७ साली सरकारने हृदयात बसवायच्या स्टेंटची कमाल किंमत बांधली. औषधयुक्त स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. हे योग्यच झाले. पण स्टेंट म्हणजे बिलातील एक ओळ. खाट, शस्त्रक्रिया, तपासण्या त्या हुकमाबाहेरच राहिल्या.

मालक जेव्हा ‘परवडत नाही’ म्हणतो, तेव्हा आम्ही ताळेबंद मागतो. इस्पितळांपाशीही आपली पहिली मागणी तीच असावी. वही उघडल्यावाचून रास्त दर ठरत नाही.